डाव्या खांद्यावरचा वळ

छावणी, छत्रपती संभाजीनगर
९ फेब्रुवारी २०२५

रत्ना,

तुला आणि तुझ्या अंगणवाडीतल्या लेकरांना मामाचा जय भीम. पत्र घरी न पाठवता अंगणवाडीच्या पत्त्यावर पाठवतो आहे. तूच फोनवर तसं म्हणालीस, असं तुझी मामी सांगते. मला आता फोनवर नुसती गुणगुण ऐकू येते, आणि मी बोलायला लागलो की मामी म्हणते, "जरा हळू. बिडकीनला फोनाबिगर जातंय ऐकू." म्हणून लिहितो. चौथी शिकलेल्याचं अक्षर आहे, सांभाळून घे.

प्रणयच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी तुझ्याशी दोन शब्द बोलायचे राहून गेले. माणसं फार होती आणि मला शेवटची बस चुकते की काय याचा घोर लागला होता. बसमध्ये बसल्यावर आठवलं की तुझ्या डोक्यावरून हातसुद्धा फिरवला नाही. तेव्हापासून तेच डोक्यात आहे.

महिना झाला. प्रणय आता येत नाही, हे तू मनाशी बांध. पोलिसांनी कागद केला आहे की गाडी प्रणय चालवत होता, सायकलवरून घरी चाललेला मोतीराम वॉचमन गाडीखाली आला, गाडी पुढं झाडावर गेली आणि शेजारी बसलेला सुदर्शन तेवढा वाचला. जे कागदावर आहे ते आहे. मामी सांगत होती की तू ठाण्यात अर्ज दिला आहेस, गाडी प्रणय चालवत नव्हता म्हणून. रत्ना, सुदर्शन तुझा मोठा दीर आहे. तू त्याच्या घरात राहतेस. अशा अर्जानं घर फुटतं, दुसरं काही होत नाही. माझं ऐकशील तर अर्ज मागे घे.

गाडी दिसून तुला त्रास होईल ही काळजी आता करू नको. ती मार्गी लागली आहे. सीटा पहिल्यासारख्या दिसतात, कुणाला काही ओळखू येणार नाही.

गोळ्या वेळेवर घेतेस ना? अशक्तपणाच्या म्हणतो मी. घराची मागची कडी लावत जा. पत्र मिळालं की मिळालं म्हणून कळव, नाही तर मला झोप लागत नाही.

तुझा मामा,
साहेबराव


बिडकीन
१५ फेब्रुवारी २०२५

मामा, जय भीम.

पत्र मिळालं. आधी हे सांगा, गाडीच्या सीटा कशा दिसतात हे तुम्हाला कसं ठाऊक? सुदर्शनदादांनी मला सांगितलं की गाडी ठाण्यातून सुटली ती परस्पर जालन्याच्या माणसाला विकली. तुमच्या दुकानात आली होती का? आली असेल तर बरंच झालं. मला जे विचारायचंय ते तुमच्याशिवाय कुणाला कळणार नाही.

ओळख पटवायला मला शवागारात नेलं होतं. प्रणयच्या अंगावरची चादर त्यांनी पोटापर्यंत खाली केली. डाव्या खांद्यापासून उजव्या बाजूला खाली एक रुंद वळ होता, काळानिळा, चार बोटं जाड. मी तो पाहिला, तेव्हा काही सुचलं नाही. रिपोर्टात डोक्याच्या जखमेखाली वळाचं नुसतं "छातीवर मुका मार" असं लिहिलंय.

मागच्या आठवड्यात ग्रामसेवकांची गाडी अंगणवाडीसमोर उभी होती. मी त्यांना विचारून दोन्ही सीटांवर बसले आणि बेल्ट लावून पाहिला. चालवणाऱ्याचा बेल्ट उजव्या खांद्यावरून येतो. शेजारच्याचा डाव्या. ग्रामसेवक म्हणाले, "मॅडम, गाडी घ्यायचा विचार आहे का?" मी हसले. त्यांना काय सांगू.

मी हेच ठाण्यातल्या साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "बाई, गाडी आदळली की असले वळ कुठंही उठतात. तुम्हाला बेल्टातलं काय कळतं?" मी म्हणाले, मला नसेल कळत, पण माझ्या मामांनी छावणीत चाळीस वर्षं गाड्यांच्या सीटा शिवल्यात, जुने बेल्ट धुऊन नवे केलेत. ते म्हणाले, "मग आणा मामाकडून लिहून."

गाडी झाडावर गेली तेव्हा तिथं कुणी नव्हतं. लोक पोचायच्या आधीच दादांनी प्रणयला बाहेर ओढून रस्त्यावर ठेवलं होतं. कोण कुठं बसलं होतं हे फक्त दादा सांगतात.

मोतीरामची नात माझ्याच अंगणवाडीत होती. आता येत नाही. तिची आजी भागूबाई रोज सकाळी दारात उभी राहून, मी समोरून जाईपर्यंत बोलते. काय बोलते ते लिहीत नाही. मेलेल्या माणसाला शिव्या लागत नाहीत असं दादा म्हणतात. मला लागतात, मामा. त्या प्रणयच्या नावानं असतात.

तर दोनच गोष्टी लिहा. वळ कोणत्या खांद्यावर उठतो? आणि गाडी तुमच्याकडं आली असेल तर बेल्टांवर तुम्हाला काय दिसलं?

रत्नमाला


छावणी
१ मार्च २०२५

रत्ना,

जय भीम. उत्तराला उशीर झाला. आधी शाई संपली, मग पाकिटं आणायला विसरलो, मग मामीचा गुडघा दुखावला. मी दोनदा लिहायला बसलो आणि दोनदा फाडलं.

होय, गाडी माझ्याकडं आली होती. सत्तावीस जानेवारीला. सुदर्शन घेऊन आला होता. तुला दिसायला नको म्हणून धुऊन द्या म्हणाला. मी धुतली. तुला सांगितलं नाही कारण तुला वाईट वाटलं असतं.

बेल्टावर काय दिसलं म्हणून विचारतेस. बेल्ट धुणाऱ्याला काय दिसणार? मळ दिसतो. लोकांना वाटतं बेल्ट धुणं म्हणजे साबण लावून फडकं मारणं. तसं नसतं. बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढायचा, मुळाशी चिमटा लावायचा, नाही तर तो ओलाच आत पळतो आणि आत कुजतो. पाणी कोमट, साबण साधा. ब्लीच अजिबात नाही, त्यानं धागा मरतो, वरून पांढरा दिसतो आणि आतून पोकळ होतो. ब्रश विणीच्या दिशेनं, आडवा घासला की पट्टीला केस येतात. मग सावलीत दोन दिवस. उन्हात घातला की कडक होतो. पुरता वाळला तरच आत सोडायचा. हे मी कुणाला शिकवलं नाही, शिकणारंच कुणी आलं नाही. आता तयार कव्हरं मिळतात, सीटा कुणी शिवून घेत नाही. जुन्या गाड्या हौसेनं ठेवणारे दोनचार लोक बेल्ट घेऊन येतात, तेवढंच काम आहे. परवा एक चाचा आले, म्हणाले, "साहेबरावभाई, ऐसा धोना के मेरी बेगम को लगे नया डलवाया." असलं काम.

तर वळाचं. साहेब म्हणतात ते बरोबर आहे. गाडी आदळली की माणूस आतल्या आत फिरतो. बेल्ट पिळतो, सरकतो. वळ कुठल्याही खांद्यावर उठू शकतो. त्यावरून कोण कुठं बसलं होतं ते ठरत नाही. हे मी चाळीस वर्षांच्या कामावरून सांगतो.

आता हा विषय संपव. खाऊनपिऊन रहा. दादाशी नीट वाग.

साहेबराव


बिडकीन
१८ मार्च २०२५

मामा, जय भीम.

तुमचं पत्र चार वेळा वाचलं. तुम्ही म्हणता म्हणजे तसंच असणार. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं.

वाचून झालं आणि पहिल्यांदा मला प्रणयचा राग आला. दोन महिने मी त्याच्या बाजूनं भांडत होते. दादांच्या ताटात भाकरी वाढताना मनात म्हणत होते, तू मारलंस आणि माझ्या माणसाच्या नावावर घातलंस. म्हणजे दादा खरं सांगत होते आणि मीच घरात विष कालवत होते. त्या दिवशी संध्याकाळी मी दादांची माफी मागितली. ते म्हणाले, "जाऊ दे रत्ना, दुःखात माणसाला असं वाटतंच." उजवा हात अजून गळ्यात बांधलाय त्यांचा. खांद्याचं हाड अजून जुळलं नाही म्हणतात.

मग मी भागूबाईकडं गेले. एकटीच गेले. त्यांच्या सुना बाहेर आल्या, वाटलं मारतात की काय. मी भागूबाईंचे पाय धरले आणि म्हणाले, "माझ्या माणसाच्या हातून झालं. त्याच्या वतीनं मी आले." त्या म्हणाल्या, "ऊठ. तुजंबी कुकू गेलं, माजंबी गेलं. मेलेल्याशी काय भांडू म्या?" आपल्या बौद्धांत कुंकू लावत नाहीत हे त्यांना ठाऊक आहे, पण त्या आपल्या बोलीत बोलल्या. मला चहा दिला. दुसऱ्या दिवशी नात अंगणवाडीत आली.

त्या दिवसापासून शिव्या बंद आहेत. मला शांत झोप लागते. याचं श्रेय तुम्हाला.

ठाण्यातला अर्ज मागे घेतला. साहेब म्हणाले, शंका कशानं मिटली ते लिहा, उगीच आमच्यावर येतं. मी लिहिलं की माझे मामा साहेबराव, जे बेल्टाच्या कामातले जाणकार आहेत, त्यांच्या पत्रानं मिटली. तुमचं पत्र अर्जाला जोडलं. साहेबांनी ते वाचून दाखवलं, शिपायांना म्हणाले, "बघा, म्हातारा कसा मुद्देसूद लिहितो." मला अभिमान वाटला.

मामीच्या गुडघ्याला कसं आहे?

रत्नमाला


छावणी
२४ मार्च २०२५

रत्ना,

पत्र ठाण्यात कशाला दिलंस? मी ते तुला लिहिलं होतं. घरातलं पत्र घरात राहायला पाहिजे. त्यात माझं अक्षर नीट नाही आणि काही गोष्टी घाईत लिहिल्या आहेत. जाऊन परत माग. म्हणावं, मामाला ते पुन्हा नीट लिहून द्यायचं आहे. नाही दिलं तर निदान झेरॉक्स तरी आण आणि मला पाठव, मी काय लिहिलं होतं ते मला पाहायचं आहे.

आणि भागूबाईकडं जायच्या आधी मला विचारायला पाहिजे होतं. पाय धरायची काय गरज होती? तू कुणाचे पाय धरावेत असं तुझ्या आईला, माझ्या आक्काला, वाटलं नसतं.

मला दोन दिवस चक्कर येते आहे. डॉक्टर म्हणतो दाब वाढला आहे. मीठ बंद केलं.

पत्राचं बघ. लवकर बघ.

साहेबराव


बिडकीन
२ एप्रिल २०२५

मामा,

पत्र परत मिळत नाही. फाईलला लागलंय.

मी मूर्ख नाही. ज्या पत्रात बेल्ट कसा धुवायचा ते तुम्ही इतकं बारीक लिहिलंत, त्यात घाईत काय लिहिलं? वळाचं तेवढं घाईत लिहिलंत का?

आणखी एक ऐका. चौदा एप्रिलला इथं बुद्धविहारासमोर दरवर्षी वर्षभरात गेलेल्या कार्यकर्त्यांची नावं वाचतात आणि एक मिनिट उभे राहतात. प्रणय बारा वर्षं त्या कार्यक्रमाचा मंडप बांधत होता. यंदा समितीनं त्याचं नाव यादीतून काढलं. मी विचारायला गेले तर समितीचे काकासाहेब म्हणाले, "वहिनी, समजून घ्या. माणूस मेलाय त्याच्या हातून. गावात दुसऱ्यांनी नावं ठेवायला नकोत." मी समजून घेतलं. कारण मीच सगळ्यांना सांगून आले ना, की त्याच्या हातून झालं.

आईनंतर तुम्हीच मला वाढवलंत. माझं लग्न तुम्ही लावलंत. मी समोर बसले आहे आणि तुमचा हात माझ्या डोक्यावर आहे असं समजा, आणि एकच ओळ लिहा. वळ कोणत्या खांद्यावर उठतो?

रत्नमाला


छावणी
१६ एप्रिल २०२५

रत्ना,

चालवणाऱ्याच्या उजव्या खांद्यावर. शेजारच्याच्या डाव्या. बेल्ट पिळला, सरकला, गाडी झाडावर गेली, तरी बाजू बदलत नाही. गाडी प्रणय चालवत नव्हता.

तुझ्या डोक्यावर हात आहे असं समजून एक ओळ मागितलीस, ती वर लिहिली. आता बाकीचं लिहितो.

चौदा तारखेला मामी विहारातून आली ती चप्पल न काढताच माझ्यासमोर उभी राहिली. बिडकीनची कुणी बाई तिला भेटली होती. मामी म्हणाली, "प्रणयचं नाव वाचलं नाय म्हणं तिकडं." मी पेपर वाचत होतो. "रत्नीनं तुम्हाला पत्रात काय विचारलं व्हतं?" मी तुझी पत्रं तिला वाचून दाखवतो, पण मधलं गाळून वाचतो. तिला वाचता येत नाही हे मला नेहमी बरं वाटत आलं आहे. त्या दिवशी सगळं वाचून दाखवावं लागलं. माझं उत्तरही सांगावं लागलं. ती खाली बसली. म्हणाली, "गिऱ्हाइकाचा एक टाका उसवला तर तुम्हाला चार दिस चैन नाय पडायचं. आन पोरीचं आख्खं घर उसवलं तवा पोट भरून जेवत व्हता की." दोन दिवस तिनं चूल पेटवली, पण माझं ताट वाढलं नाही.

काय झालं ते सांगतो. सुदर्शननं गाडी ओढून आणली. डावी बाजू पार आत गेलेली होती. मी दोन्ही पुढचे बेल्ट सोडवले. डावा आणि उजवा मला हातात घेतल्याबरोबर कळतो, डोळे मिटून कळतो. उजवा कोरडा होता. पण ताणलेला होता, कडा लाटेसारख्या झालेल्या, मुळातली शिवण फाटलेली. जोरात माणूस अडवल्यावर बेल्ट तसा होतो. डावाही तसाच ताणलेला होता आणि छातीच्या जागी पुरता रक्तानं भरलेला. म्हणजे दोघांनीही बेल्ट लावले होते, आणि रक्त ज्याचं होतं तो डावीकडं होता.

हे मला पहिलं पाणी लालसर झालं तेव्हाच कळलं. मी हातात बेल्ट घेऊन उभा राहिलो. पण रत्ना, रक्ताचा डाग अर्धा भिजवून सोडला तर तो कायमचा बसतो. रक्ताला गार पाणी लागतं आणि एकदा सुरू केलं की थांबायचं नसतं. चाळीस वर्षं माझा हात कधी थांबला नाही. तेव्हाही थांबला नाही. मी सात पाण्यानं धुतला. फाटलेली शिवण नीट शिवून टाकली. बेल्ट वाळला तेव्हा तो नवा दिसत होता आणि मला क्षणभर समाधानच वाटलं. मी तो अर्धा सोडला असता तर डाग अजून तिथं असता.

सुदर्शन गाडी न्यायला आला तेव्हा मी त्याला म्हणालो, "सुदर्शन, डाव्या बेल्टावर रक्त होतं. प्रणय डावीकडं होता मग." हे मी भांडायला म्हणालो नाही. मला वाटलं तो म्हणेल, नाही मामा, असं असं झालं. तो माझ्या स्टुलावर बसला, मी मागवलेला चहा प्यायला. मग म्हणाला, "कुठंय रक्त?" मी म्हणालो, "धुतलं की." तो म्हणाला, "कुणी धुतलं? मामा, पुरावा मिटवला म्हणतात याला. मी सांगेन, मी सीट धुवायला दिली होती, बेल्ट मामांनी आपल्या मनानं धुतले. या वयात आत बसाल. मामीला कोण बघणार?" डाव्या हातानं त्यानं माझा खांदा थोपटला. उजवा गळ्यात होता.

मी घाबरलो. नुसता घाबरलो, त्याच्याकडून काही घेतलं नाही, हे तरी खरं मान. रात्रंदिवस दारात गाडी थांबली की पोलीस आले असं वाटायचं. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा वाटलं, साधं उत्तर द्यावं, विषय मिटेल, तू सुखानं राहशील. तुझं तसं पत्रही आलं की झोप लागते म्हणून. मी ते तीन वेळा वाचलं आणि स्वतःला म्हणालो, बघ, बरंच झालं.

आता मी येतो. सोमवारी, एकवीस तारखेला, साडेदहाच्या बसनं. स्टँडवर थांब. दोघं मिळून ठाण्यात जाऊ. जे वर लिहिलं ते मी तोंडानं सांगेन. त्यांना जे करायचं ते करू दे.

साहेबराव


छावणी
२५ एप्रिल २०२५

रत्ना,

जय भीम. सोमवारी येता आलं नाही. सकाळी अंघोळ केली, कपडे घातले, मामीनं डबा बांधून दिला. स्टँडपर्यंत रिक्षानं गेलो. तिथं बाकावर बसलो आणि घाम सुटला. हात गार पडले. वाटलं, रस्त्यात काही झालं तर तुला आणखी एक ताप. एक बस गेली, दुसरीत चढणार तर ती भरलेली होती. मग घरी आलो. मामी दारातच म्हणाली, "आलात? आन पोर तिकडं उभी असंल." डॉक्टरनं दाब बघितला, एकशे सत्तर निघाला. चिठ्ठी माझ्याकडं आहे, हवी तर पाठवतो.

तू थांबली असशील तर रागावू नको. माझं पत्र तुझ्याकडं आहेच, त्यात सगळं लिहिलं आहे. ते दाखवलंस तरी चालेल. माणसानं स्वतः यायलाच पाहिजे असं काही नसावं. तरी बुद्धपौर्णिमा झाली की नक्की येतो. तोवर दाबही उतरेल.

ठाण्यात जाशील तेव्हा एकटी जाऊ नको.

साहेबराव


बिडकीन
१३ मे २०२५

मामा,

काल पौर्णिमा झाली. तुम्ही येणार नाही हे माहीत होतं, म्हणून वाट पाहिली नाही.

एकवीस तारखेला पाहिली होती. अंगणवाडी मदतनीसबाईंवर टाकून दहा वाजता स्टँडवर गेले. अडीचपर्यंत उभी होते. प्रत्येक बसमधून उतरणारा शेवटचा माणूस बघेपर्यंत हलले नाही. रसवंतीवाला म्हणाला, "ताई, कुणाला घ्यायला आलात? बसा तरी." मी म्हणाले, मामांना. त्याच्यामुळे आता सगळ्या स्टँडला ठाऊक आहे की माझे मामा आले नाहीत.

मग एकटीच गेले. साहेबांनी तुमचं दुसरं पत्र वाचलं. फाईल मागवली, पहिलं काढलं, दोन्ही टेबलावर शेजारी ठेवली. म्हणाले, "अक्षर एकच आहे. पहिल्यात चाळीस वर्षांचा अनुभव सांगतोय, दुसऱ्यातही तोच सांगतोय. यातलं खरं कोणतं ते लिहिणाऱ्यानं येऊन सांगावं. कुठाय तो?" मी म्हणाले, आजारी आहेत. ते म्हणाले, "पत्र लिहायला बरा होता." दादांना बोलावलं, दुसरं पत्र वाचायला दिलं. दादा शांतपणे म्हणाले, "साहेब, पहिलं पत्र मामांनी मनानं लिहिलं. दुसरं हिनं डोक्यावर हात ठेवायला लावून लिहून घेतलंय." आणि ते खोटं नव्हतं, मामा. तसं मीच लिहिलं होतं तुम्हाला.

मी म्हणाले, गाडी तपासा, बेल्टाची शिवण फाटून पुन्हा शिवलीय ते दिसेल. जालन्याच्या माणसाला फोन लावला. त्यानं मार्चमध्येच गाडी तोडून भंगारात दिली. सीटा आणि बेल्ट चांगले होते म्हणून वेगळे विकले. कुणाला ते त्याला आठवत नाही. इतके चांगले होते म्हणे, की लगेच गेले.

आरोपी मयत आहे, प्रकरण संपलं, असं साहेब म्हणाले. तुमचं दुसरं पत्र त्यांनी मला परत दिलं. पहिलं ठेवून घेतलं.

मी तरी एक ठिकाणी गेले. भागूबाईंना खरं कळायला पाहिजे असं वाटलं. दुपारी त्या ज्वारी पाखडत होत्या. मी सगळं सांगितलं, कोण चालवत होतं ते, तुम्ही काय पाहिलं ते, आधी खोटं का लिहिलं तेही. त्यांनी सूप खाली ठेवलं. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "मागल्या खेपेला आलीस, पाय धरलेस, म्या मन घट करून माफ केलं. लई जड गेलं व्हतं मला. आता तू म्हणतीस तो मारणाराच नव्हता. मंग म्या माफ कुणाला केलं? आन जो हाय त्याच्या घरात तू रांधतीस, वाढतीस. उद्या आनखी तिसरं सांगायला येशील. जा बाई. मला आता कुणाचंच खरं वाटत नाय."

नात आजपासून पुन्हा येत नाही. तिच्या आईनं तिचं नाव दुसऱ्या वाडीतल्या अंगणवाडीत घातलं.

तुम्ही विचाराल मी काय करणार. दादांच्या घरात राहणार. दुसरं घर नाही. आज सकाळी त्यांनी विचारलं, "मामा बरे आहेत का?" मी हो म्हणाले.

मामीला माझा जय भीम सांगा. हे पत्र तिला गाळून वाचू नका. तुम्हाला लिहायची ही माझी शेवटची वेळ. तुमच्या पत्रांची आता मला गरज नाही, आणि मी वाचलं तरी त्यावर माझा विश्वास बसणार नाही.

रत्नमाला